दस्तरखानावरच्या दोन भाषा

इफ्तारला दहाएक मिनिटे उरलेली असतात. परभणी-नांदेडकडच्या एखाद्या घरात दादी नातवाला दखनीत खजुराची ताटली मांडायला सांगत असते. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात येतात. ‘या ना वहिनी, बसा. शिरखुर्मा ईदला, आज भजी खा गरम गरम,’ असे दादी अस्सल मराठवाडी मराठीत म्हणते आणि लगेच वळून सुनेला उर्दूत सरबताचे विचारते. शाळेची पायरीही न चढलेल्या या दादीला आपण काही विशेष केले असे वाटत नाही. मेंदूचे अभ्यासक मात्र याच सवयीकडे गेली काही वर्षे बारकाईने पाहत आहेत.

या अभ्यासातला एक महत्त्वाचा टप्पा मराठवाड्याच्या शेजारी, हैदराबादेत गाठला गेला. तिथे तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी आणि इंग्रजी एकाच गल्लीत ऐकू येतात. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी ६१.१ व्या वर्षी सुरू झाली होती, तर द्विभाषिकांमध्ये ६५.६ व्या वर्षी. म्हणजे साडेचार वर्षांचा फरक. २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याआधी २००७ मध्ये कॅनडातील टोरांटो येथेही साधारण चार वर्षांचा फरक आढळला होता. पण तिथले बरेच द्विभाषिक परदेशातून आलेले होते. त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, असा प्रश्न उरत होता. हैदराबादेत दोन भाषा बोलायला कुणाला देश सोडावा लागत नाही. शिवाय हा फरक निरक्षर रुग्णांमध्येही दिसला. त्यामुळे तो केवळ शिक्षणाचा परिणाम आहे, असे म्हणता येईना. आणखी एक गोष्ट म्हणजे, दोनपेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांना त्याहून अधिक लाभ झाल्याचे मात्र आढळले नाही.

असे का होत असावे? दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात. मराठीत बोलताना ओठांवर आलेला उर्दू शब्द मागे सारावा लागतो आणि समोरचा माणूस बदलला की क्षणात उलटे करावे लागते. ही निवड दिवसातून शेकडो वेळा होते. लक्ष देणे, नको ते दाबणे, एका कामातून दुसऱ्याकडे वळणे, या क्षमतांचा त्यातून आयुष्यभर सराव होतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे. इफ्तारच्या वेळी मुख्य रस्ता तुंबला, तरी शहर जाणणारा रिक्षावाला गल्लीबोळांतून घर गाठतो. मेंदूचेही तसेच. आजार आत येतो, पेशींचे नुकसानही होते. पण पर्यायी वाटा असल्या तर कामकाज काही काळ चालू राहते.

अर्थात, दोन भाषा म्हणजे स्मृतिभ्रंशावरची लस नव्हे. निरोगी वृद्धांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या काही अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही आणि संशोधकांमधला वाद अजून मिटलेला नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कमी ऐकू येणे यांकडे दुर्लक्ष करून केवळ भाषेवर विसंबणे धोक्याचे. हैदराबादच्या अभ्यासात द्विभाषिक कुणाला म्हटले, हेही पाहायला हवे. रोजच्या व्यवहारात दोन भाषांत दुसऱ्याशी बोलणे ज्याला जमते, तो द्विभाषिक. रमजानमध्ये घरोघरी कुरआनचे अरबी पठण होते; त्याचे मोल वेगळे, पण ते म्हणजे अरबीत संवाद साधणे नव्हे.

खरी मेख इथेच आहे. संवादाला समोर माणूस लागतो. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. आणि त्याच वेळी घराघरांत वृद्धांशी बोलणे कमी होत आहे. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, उत्तर एका शब्दात देतात; मुलगा-सून मोबाईलमध्ये असतात. दादीची उर्दू समजते, पण तीत बोलणारे कुणी नाही. मराठी बोलायला पूर्वी ओटा होता, आता बंद दाराचा फ्लॅट आहे.

आजार सुरू झाल्यावर तर भाषा अधिकच मोलाची ठरते. अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस मायबोलीकडे परततो. अशा वेळी आजोबा ‘काहीतरी बडबडतात’ असे वाटते, पण ते नीट उर्दू बोलत असतात. ऐकणाऱ्याला ती येत नसते. म्हणून डॉक्टरांकडे नेताना, घरात कोणती भाषा बोलली जाते हे आवर्जून सांगावे आणि स्मरणशक्तीची तपासणी त्याच भाषेत करण्याची विनंती करावी. परक्या भाषेतल्या प्रश्नाला चुकलेले उत्तर हे विसरण्याचे लक्षण असेलच असे नाही.

रमजानच्या या दिवसांत सगळे घर निदान एका वेळी तरी एकत्र बसते. अजान होईपर्यंतची ती दहा मिनिटे नातवाने दादीला तिच्या माहेरची इफ्तार कशी असायची, हे विचारण्यात घालवावीत. तिने उर्दूत सांगावे, त्याने मराठीत पुन्हा विचारावे. दोघांच्याही भाषा जाग्या राहतील.