इंग्लंडमधील घरखरेदीची साखळी

आम्हां धान्यबाजारातील माणसांस दिलेला शब्द हाच सौदा वाटतो. म्हणून इंग्लंडात स्थायिक झालेला मुलगा ‘किंमत ठरली, पण घर अजून आपले नाही’ असे महिनोन्महिने कळवितो, तेव्हा येथील वडीलधाऱ्यांस नवल वाटते. कित्येकदा रागही येतो.

दोष बहुधा मुलाचा नसतो. तेथील १९८९ च्या कायद्यान्वये स्थावराच्या विक्रीचा करार लेखी व उभयतांच्या सहीचा असावा लागतो. करारपत्रांची अदलाबदल होऊन इसार, बहुधा दहा टक्के, भरला जाईपर्यंत कोणताही पक्ष माघार घेऊ शकतो. शिवाय विकणारा स्वतः दुसरे घर घेत असतो आणि त्याचा विक्रेता तिसरे. या साखळीत एकाचे कर्ज अडले किंवा एका सॉलिसिटराचे कागद रखडले, की सारेच थांबतात. पहिले घर घेणारा साखळीच्या तळाशी असतो. त्याची रक्कम तयार असूनही त्याला थांबावेच लागते.

विलंबाची किंमतही पडते. पहिले घर घेणारास मुद्रांक शुल्क माफ असलेली मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ४,२५,००० पौंडांवरून ३,००,००० वर आली. ४,००,००० पौंडांच्या घराचा व्यवहार ३१ मार्चपर्यंत पुरा झाला असता तर शुल्क शून्य. दुसऱ्या दिवशी ५,००० पौंड!

तरी पालकांनी पत्रोपत्री तगादा लावू नये. करारपत्रांची अदलाबदल होण्यापूर्वी मुलांनी भाड्याचे बिऱ्हाड सोडण्याची नोटीस देऊ नये, आणि घरासाठी जमविलेल्या रकमेखेरीज थोडी शिल्लक अवश्य राखावी.