बाणविषी बेडकांचे बंदिस्त प्रजनन : साध्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनांत डेंड्रोबॅटिडी कुलातील लहान, भडक रंगांचे बेडूक आढळतात. कोलंबियातील एम्बेरा आदिवासी फुंकनळीचे बाण काही जातींच्या त्वचेवर घासून विषारी करीत. त्यावरून संपूर्ण कुलालाच 'बाणविषी बेडूक' हे नाव मिळाले. जंगलतोड व तस्करी यांमुळे अनेक जाती संकटात आल्या. १९८७ मध्ये साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्यांचा समावेश होऊन त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. या पार्श्वभूमीवर बंदिस्त प्रजननाचे महत्त्व वाढले.

प्रजननाची पद्धत :
सुरिनाममधील निळ्या बेडकाचे उदाहरण बोलके आहे. शेवाळ व पालापाचोळा अंथरलेल्या काचपेटीत उच्च आर्द्रता आणि सुमारे २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. करवंटीखाली ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये मादी मोजकीच अंडी घालते. निसर्गात अंडी ओलसर ठेवणे आणि बेडूकमासे पाठीवरून पाण्यापर्यंत नेणे ही कामे नर करतो. काचपेटीत ती पालकाला करावी लागतात. अंडी सुमारे दोन आठवड्यांत उबतात. बेडूकमासे परस्परांना खात असल्याने प्रत्येकास स्वतंत्र भांड्यात वाढवितात. दोन-तीन महिन्यांत त्यांचे रूपांतर पूर्ण होते. पिलांना स्प्रिंगटेल व उडू न शकणाऱ्या फळमाश्या, कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूड लावून, दिल्या जातात.

विषाचा उगम :
अशा रीतीने वाढलेला बेडूक मात्र निर्विष असतो. फायलोबेटिस टेरिबिलिस ही या कुलातील सर्वांत विषारी जाती. तिच्या बंदिवासात जन्मलेल्या पिढीत बॅट्राकोटॉक्सिन आढळत नाही, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यांच्या चेता व स्नायूंची त्या विषाविरुद्धची प्रतिकारक्षमता मात्र टिकून होती. पुढे जॉन डेली व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये डेंड्रोबेटिस ऑरेटसवरील प्रयोगांतून दाखविले की, फळमाश्यांवर वाढलेल्या पिलांत अल्कलॉइडे नसतात, तर पालापाचोळ्यातील कीटकादी जीवांवर वाढलेल्या पिलांत ती आढळतात. मुंग्या व माइट हे या अल्कलॉइडांचे प्रमुख स्रोत होत.

मर्यादा :
ऊफॅगा प्रजातीत मादी बेडूकमाशांना स्वतःची अफलित अंडी खाऊ घालते. ऊफॅगा प्युमिलिओची मादी या अंड्यांवाटे पिलांना अल्कलॉइडेही पुरविते, हे २०१४ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे अशा पिलांना मातेविना वाढविणे अत्यंत कठीण ठरते. रोगाचा धोकाही मोठा आहे. उभयचरांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी १९९९ मध्ये वर्णिली गेली, तीच मुळी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील निळ्या बाणविषी बेडकापासून विलग केलेली होती.

समारोप :
बंदिस्त प्रजननाने जातीचा वंश टिकतो आणि वन्य बेडकांच्या तस्करीला पर्याय मिळतो. परंतु ज्या विषाच्या बळावर हे बेडूक भक्षकांपासून बचावतात, ते वनातील पालापाचोळ्यातून येते. म्हणूनच काचपेटी ही अधिवास-संरक्षणाला पूरक ठरू शकते. त्याची जागा ती घेऊ शकत नाही.