परक्या घोड्यांची पागा

घोडा आणि मराठी माणूस यांचे नाते इतिहासाच्या पुस्तकांत फार निकटचे आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी घोडा पाहिलेला असतो तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर माथेरानच्या तांबड्या वाटेवर. माझी स्थिती याहून निराळी नव्हती. पुढे बदली होऊन दिल्लीस आलो आणि मैत्रिणींच्या संगतीने माझ्या मुलीस घोडेस्वारीचा नाद लागला. तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी तिला गुरुग्रामच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या एका पागेत घेऊन जातो. तिचा तास संपेपर्यंत मला करण्यासारखे काही नसते. आणि वीस वर्षे सरकारी फायली तपासलेल्या माणसाला रिकामे बसविले की तो दुसऱ्याच्या हिशेबात डोकावू लागतो.

पागेचे चालक घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब आहेत. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांनी मला एक तांबूस घोडी दाखविली. शर्यतीतून नुकतीच निवृत्त झालेली, वय वर्षे सात, डोळे मोठे आणि शांत. “मुलीसाठी घ्या,” ते म्हणाले. किंमत विचारली तेव्हा हसून उत्तरले, “घोडी जवळजवळ फुकटच आहे, साहेब. खुंटा फुकट नाही.” त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदाची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्रजीत ज्याला ‘लिव्हरी यार्ड’ म्हणतात ती म्हणजे परक्यांचे घोडे पैसे घेऊन सांभाळणारी पागा. मालकाने महिन्याचे शुल्क द्यावे, सवड असेल तेव्हा येऊन रपेट करावी आणि घरी जावे; चारा, पाणी, खरारा, लीद, नाल, रात्रीची राखण हे सारे पागेकडे. आपल्याकडे घोडा पोसण्याचा भार कोणावर, हा प्रश्न जुनाच आहे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार; सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा मेला तर शिलेदाराची पुंजी बुडे, बारगिराचा मात्र तोटा सरकार सोशी. शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, असे सभासद बखरीवरून कळते. पाणी आणि नाल ही खर्चाची दोन कलमे तेव्हाच वेगळी काढलेली होती! आजच्या पागेचा गिऱ्हाईक मोठा चमत्कारिक शिलेदार आहे: घोडा त्याच्या मालकीचा, पण त्याच्या पोटाची चिंता दुसऱ्याच्या दारी.

ही चिंता किती मोठी असते? साधारण साडेचारशे किलो वजनाच्या घोड्यास रोज नऊ-दहा किलो कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्यास सुमारे तीन क्विंटल. त्यातील बहुतेक भाग वैरणच असावी लागते. ओट, जव, चणे, कोंडा ही चंदी वरकड समजावयाची. देहाच्या मानाने घोड्याचे जठर लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून थोडे थोडे, वारंवार आणि ठरल्या वेळी खाऊ घालावे लागते. वेळ चुकली किंवा चारा बुरसट निघाला तर पोटशूळ उठतो आणि एका रात्रीत जनावर जाऊ शकते. पाणी दिवसास तीस-चाळीस लिटर, दिल्लीच्या जेठात त्याहून पुष्कळ अधिक. हिवाळ्यात हिरवे बरसीम मुबलक मिळते. उन्हाळ्यात लसूणघास शोधीत हिंडावे लागते. २०२२ साली मार्च-एप्रिलच्या उष्म्याने गव्हाचे पीक मारले गेले तेव्हा पंजाब-हरियाणात भुश्श्याचे भाव कडाडले. गिऱ्हाइकाशी शुल्क मात्र वर्षाच्या आरंभीच ठरलेले असते. दर कार्तिकात आसपासच्या शेतांतून भाताचा पेंढा जाळला जातो, आणि त्याच धुरात खोकत पागेवाला घोड्यांच्या अंथरुणासाठी पेंढा विकत घेतो, ही विसंगती मला अजून पचलेली नाही.

आता माझ्या कागदाकडे वळू. वीस ठाणांची पागा समजू. आकडे ढोबळ आहेत, त्यांचे परस्परांशी प्रमाण तेवढे ध्यानात घ्यावे. तीन घोड्यांमागे एक मोतद्दार धरला तर सात माणसे लागतात. २०२५ च्या एप्रिलपासून दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये ठरले. त्या दराने सात जणांचे १,२९,१९२ होतात. (उत्तम मोतद्दारास अकुशल म्हणणे हा कागदाचा अन्याय आहे. घोडा डाव्या पायावर किंचित कमी भार टाकतो आहे, हे ज्याला अंधारात टापांच्या आवाजावरून समजते त्याला कोणत्या वर्गात घालावे?) घोड्यामागे रोज तीनशे रुपयांचे खाद्य व अंथरूण धरले तर महिन्याचे १,८०,०००. जागेचे भाडे एक लाख, शिक्षकाचे चाळीस हजार, वीज-पाण्याचे तीस हजार, लीद उचलण्याचे आणि डागडुजीचे वीस हजार. एकूण ४,९९,१९२. आणि घोड्यामागे पंचवीस हजार शुल्क घेतले, वीसही ठाणे भरलेली असली, सर्वांनी वेळेवर पैसे दिले, तर जमा पाच लाख. शिल्लक आठशे आठ रुपये!

याहून बोधप्रद आकडा पुढचाच आहे. वीसपैकी पाच ठाणे रिकामी झाली असे समजा. जमा सव्वा लाखाने घटली. पण खर्च घटला तो केवळ पाच घोड्यांच्या चाऱ्याचा, पंचेचाळीस हजारांचा. जमीन तेवढीच राहिली, शिक्षक तोच, आणि शिकविलेला मोतद्दार एका महिन्यासाठी कोणी सोडीत नाही, कारण सोडला तर परत मिळत नाही. महिन्याची तूट जवळजवळ ऐंशी हजारांची झाली. म्हणजे पागेवाल्याचा खरा शत्रू महाग घोडा नव्हे, रिकामे ठाण होय. त्यामुळेच, येणाऱ्या गिऱ्हाइकाची ऐपत फार खोलात जाऊन विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. या मुद्द्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मग अशा पागा चालतात कशा? त्या चालतात माझ्या मुलीसारख्या शिकाऊ मुलांवर. परक्याचा घोडा महिन्याचे ठरलेले शुल्क आणतो; पागेचा स्वतःचा शिकवणीचा घोडा दिवसातून दोन-तीन तास फिरून त्याहून अधिक आणू शकतो. पण तेही ऋतूंच्या मेहरबानीवर. मे-जूनमध्ये सकाळी आठनंतर मैदानात उभे राहवत नाही, पावसाळ्यात जमीन निसरडी होते, आणि नोव्हेंबरात हवा अशी बिघडते की शाळांनाच सुट्ट्या द्याव्या लागतात. घोडा बारा महिने खातो. कमावतो फार तर सहा-सात महिने. देवउठनी एकादशीनंतर दिल्लीत लग्नांची धामधूम उडते तेव्हा नवरदेवाच्या घोडीला भाव येतो खरा. परंतु ते घोडीवाले, त्यांची जनावरे आणि त्यांचे हाल हा स्वतंत्र विषय आहे.

त्यातून रोगाचे भय. घोड्यांस ग्लँडर्स नावाचा एक सांसर्गिक रोग होतो, तो माणसासही लागतो. निदान पक्के झाले की कायद्याने ते जनावर मारावे लागते आणि परिसरातील घोड्यांची ने-आण थांबते. २०१७-१८ च्या हिवाळ्यात दिल्लीत हा रोग आढळला होता. अशा वेळी पागेच्या फाटकाला कुलूप लागते. खर्चाला मात्र लागत नाही. या रोगराईमुळेच आपले घोडे परदेशी स्पर्धांस नेणे फार कठीण होते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत आपल्या चमूने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते युरोपातील पागांतून तयारी करून. २०२५ साली मेरठ छावणीतील सैन्याच्या पशुवैद्यकीय केंद्रास घोड्यांपुरते रोगमुक्त क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा कुठे देशातूनच घोडा पाठविण्याचा मार्ग खुला झाला. देशातील घोड्यांची एकूण संख्या मात्र झपाट्याने उतरते आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास राहिली. टांगा गेला, शेतातले आणि वाहतुकीतले तट्टू गेले. उरला तो छंदाचा घोडा, आणि छंदाला उतार पडला की त्याचे काय होते, हा प्रश्न उरला.

शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असता धावू लागतो. सहाव्या-सातव्या वर्षी बहुतेकांची कारकीर्द आटोपते. जगतो तो पंचवीस वर्षांपर्यंत. रिसालदारसाहेबांनी दाखविलेल्या त्या घोडीपुढे अठरा वर्षे होती. वर्षाचे तीन लाख धरून, महागाई मुळीच न धरता, ते चोपन्न लाख होतात. मी तो कागद मुलीस दाखविला. ती काही वेळ गप्प बसली आणि मग विचारले, “बाबा, मग तिला कोण घेणार?”

एका कुटुंबाने घेतली. आठ महिने शुल्क नियमित आले, नंतर थांबले. कुटुंब परदेशी गेले असे ऐकले; दूरध्वनी लागेना. रिसालदारसाहेबांनी मला विचारले, “साहेब, कायदा काय म्हणतो?” मी १८७२ चा करार कायदा काढून पाहिला. दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूंविषयीचे त्यातील प्रकरण घोड्यांनी गजबजलेले आहे. एका उदाहरणात खोडकर घोडा न सांगता उसना दिला म्हणून देणाऱ्यावर दायित्व येते. दुसऱ्यात काशीस जाण्यासाठी भाड्याने घेतलेला घोडा कटकेस नेला म्हणून नेणारा अडचणीत येतो. ज्याने वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च केले त्याने मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवावी, असाही हक्क आहे. उदाहरण दिले आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे. घोड्यास नुसते सांभाळणे या हक्कात बसते की नाही याची शंकाच आहे. इंग्लंडच्या न्यायालयांनी घोडा शिकविणाऱ्यास तो हक्क दिला, नुसत्या तबेलेवाल्यास नाकारला. आणि हक्क असला तरी उपयोग काय? हिरा अडवून ठेवला तर तो खात नाही. जनावरास उपाशी मरण्यास सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत घोड्याची एक वेळची चंदी येत नाही.

मी त्यांना पत्राचा मसुदा करून दिला: इतकी बाकी आहे, अमुक दिवसांत न भरल्यास घोडीविषयी योग्य ती व्यवस्था करण्यात येईल. ‘योग्य ती व्यवस्था’ म्हणजे काय, हे लिहिताना मला ठाऊक नव्हते, वाचताना त्यांनाही नव्हते. घोडीचा पुढचा उजवा पाय शर्यतीतच दुखावलेला असल्याने ती शिकवणीसही चालत नाही. पत्र नोंदणी करून पाठविले. तीन आठवड्यांनी ते ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले, तो रविवार होता. रिसालदारसाहेबांनी पाकीट टेबलाच्या खणात ठेवले आणि बाहेर येऊन मोतद्दारास हाक मारली. बाराव्या ठाणावर तोबरा बाकीच्या घोड्यांबरोबरच, सहाच्या ठोक्याला गेला. मुलगी खिशातली गाजरे चाचपीत त्याच्यामागून निघाली.