आंबिलीची चुलत बहीण

येळवशीच्या आदल्या रात्री धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत जे घडतं, त्याला शास्त्राच्या पुस्तकात किण्वन म्हणतात. ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं, झाकून ठेवायचं आणि झोपायला जायचं. पुढचं काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. सकाळी ते आंबट झालेलं शिजवून त्यात लसूण, जिरं, मीठ घातलं की आंबील तयार. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, ती मडक्यातून शेतात जाते आणि कडब्याच्या कोपीत बसून भज्जीबरोबर वाट्यांवर वाट्या रिचवली जाते.

बियर ही या आंबिलीची चुलत बहीण. धान्य तेच चालतं, मुरवण्याची युक्तीही तीच. फरक एवढाच की आंबिलीत आम्ल तयार करणारे जिवाणू राबतात आणि बियरमध्ये यीस्ट. एकीला सणाचा मान मिळाला, दुसरीमागे कायदा लागला.

आधी कायदा, मग कृती

घरी बियर बनवण्याच्या, नवशिक्यांसाठीच्या किटमध्ये तसं काही अद्भुत नसतं. चार-पाच लिटरची बरणी, झाकणाच्या भोकात बसणारी पाणी भरायची वाकडी नळी, घनता मोजायचा हायड्रोमीटर, बाटल्यांत बियर उतरवायची लवचीक नळी, माल्टचा अर्क, कडवटपणासाठी हॉप्सची पुडी आणि यीस्टची पुडी. जगात अनेक ठिकाणी हे वाढदिवसाची भेट म्हणून देतात. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केली आणि घरी बियर बनवणं केंद्रीय कायद्यात बसलं. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, करमुक्त मुभा आहे. विकायची मात्र नाही. ब्रिटनने तर १९६३ मध्येच परवान्याची अट काढून टाकली होती.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. आधी मुंबईच्या नावाचा होता, आता महाराष्ट्राच्या नावाचा. परवान्याशिवाय मादक पेय बनवणं गुन्हा आहेच. पण त्याचं ६५ वं कलम आणखी पुढे जातं. बनवण्याच्या हेतूने भांडी, उपकरणं, साहित्य जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा, आणि त्याला तुरुंगवास व दंड दोन्ही आहेत. म्हणजे किट आणून आपण नुसती बरणी धुऊन वाळत घातली आणि हेतू सिद्ध झाला, तरी पंचाईत. गंमत अशी की हा कायदा झाला तेव्हा धाराशिव जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच. तो हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आला १९५६ साली, आणि कायदा मागोमाग आला.

परवाना काढून रीतसर बियर गाळणारे अर्थातच आहेत. पुण्यात २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डूलाली’ सुरू केली, ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. बियर गाळायला जर्मनीचे ऑलिव्हर शाउफ होते. धाराशिवकराने चव बघायची तर पुण्याची एसटी पकडावी. पुढचं सगळं वाचण्यासाठी आहे, करण्यासाठी नाही.

मोड आणता येतात? मग माल्ट येतं

‘माल्ट’ म्हटलं की काहीतरी कारखान्यातलं वाटतं. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करणाऱ्या कोणत्याही आजीला ते येतं. धान्य भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, वाळवा, भाजा. झालं माल्ट. बियरसाठी जगभर हेच सातूचं करतात.

मोड कशाला? बीज उगवायला लागलं की स्वतःतला स्टार्च फोडून साखर करण्यासाठी विकरं तयार करतं. माणूस त्याला मध्येच थांबवतो, वाळवून टाकतो आणि पुढे गरम पाण्यात ती विकरं पुन्हा कामाला लावतो. पटत नसेल तर भाकरीचा कोरडा घास तोंडात घ्या आणि गिळू नका, चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागतो. आपल्या लाळेतही तशीच विकरं असतात. पेरूमध्ये ‘चिचा’ नावाची मक्याची बियर करताना बायका पूर्वी मका चावून भांड्यात थुंकत असत, ते याच कारणाने. नाक मुरडू नका, पुढे ते उकळतात.

ज्वारी माहेरी काय करते?

मालदांडी ज्वारी आपली, भाकरी आपली, हुरडा तर आपलाच. पण ज्वारीचं माहेर आफ्रिका. काही हजार वर्षांपूर्वी ती तिकडून इकडे आली. इकडे तिची भाकरी झाली. माहेरी मात्र तिची बियर होते, तीही रोजच्या पोटभरीची.

दक्षिण आफ्रिकेत मका आणि ज्वारीच्या माल्टची ‘उमकोम्बोथी’ असते. दाटसर, आंबूस, फिकट गुलाबी-तपकिरी. ती चाखली तर आपल्या माणसाला पहिली आठवण आंबिलीचीच यावी. झांबिया, मलावीकडे ‘चिबुकू’ कागदी खोक्यात मिळते. खोक्यात भरल्यावरही तिचं आंबणं चालूच असतं, आणि गाळ तळाशी बसतो म्हणून पिण्याआधी खोका हलवावा लागतो. त्यावरून तिचं लाडकं नावच पडलं: ‘शेक शेक’. बुर्किना फासोमध्ये लाल ज्वारीची ‘डोलो’ बायका बनवतात, बायकाच विकतात आणि त्यावर घर चालवतात.

डोलो करणाऱ्या बायकांची एक युक्ती मला फार आवडते. ज्वारीचा स्टार्च सातूच्या स्टार्चपेक्षा चिवट. तो नीट शिजायला जास्त उष्णता लागते. पण तेवढी उष्णता दिली की साखर करणारी विकरं मरतात. मोठा पेच! या बायका काय करतात, माल्टचं पीठ पाण्यात कालवून ठेवतात, निवळ वर आली की ती बाजूला काढतात. विकरं त्या निवळीत उतरलेली असतात. खालचा गाळ खदखदा उकळून घ्यायचा, मग निवळ पुन्हा त्यात ओतायची. रसायनशास्त्राची पदवी नाही, थर्मामीटर नाही, आणि उत्तर बरोबर.

मोठ्या कंपन्यांना हे शहाणपण सुचलं ते अडचणीत सापडल्यावर. नायजेरियाने १९८८ पासून सातूच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथल्या बियर कंपन्यांना, अगदी गिनेसलाही, झक मारत ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं. बंदी पुढे उठली; ज्वारी टिकली. अमेरिकेत २००६ मध्ये ‘रेडब्रिज’ नावाची ज्वारीची बियर आली, ती ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रानेही ज्वारीकडे या नजरेने पाहिलं होतं: २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना सरकारने अनुदान देऊ केलं. भाकरीची दारू कसली करता, म्हणून त्यावर मोठा गदारोळ झाला.

किराळ लागलेली गाय ठाऊक आहे ना?

पावसाने ओढ दिली की शेतकरी जनावराला ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात सोडत नाही. किराळ लागतं, जनावर फुगतं, तडफडतं, तासाभरात दगावूही शकतं. कारण कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात त्याचं सायनाइड होतं. ज्वारीला मोड आणले की त्या कोंबांतही तेच येतं! म्हणूनच ज्वारीचं माल्ट करताना ते वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून काढतात. बहुतेक विष त्यांच्यातच असतं. सातूच्या परदेशी किटबरोबर येणाऱ्या माहितीपत्रात ही सूचना नसते, कारण सातूला हा प्रश्न नाही. मोड आलेली मटकी खाता तशी मोड आलेली ज्वारी खायची नाही, एवढं मात्र परवाना नसलेल्यांनीही लक्षात ठेवावं.

पाच लिटरची बरणी, शंभर लिटर वायू

यीस्ट साखर खातं आणि तिचे जवळपास निम्मे-निम्मे दोन वाटे करतं: एक अल्कोहोल, दुसरा कार्बन डायऑक्साइड. नेहमीच्या पाच टक्क्यांच्या बियरचा हिशोब मांडला तर पाच लिटरच्या बरणीतून आठवडाभरात साधारण शंभर लिटर वायू बाहेर पडतो. झाकण घट्ट लावून ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यासाठीच ती पाण्याची वाकडी नळी. वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा नि चिलटं आत येत नाहीत.

पुढे बाटलीत भरताना थोडी साखर मुद्दाम घालतात, लिटरला सहा-सात ग्रॅम, म्हणजे फेस येतो. हात सैल सुटला की बाटलीचा बॉम्ब होतो. ही अतिशयोक्ती नाही. घरी बियर करणाऱ्यांच्या जगात ‘बॉटल बॉम्ब’ हा रोजचा शब्द आहे.

अल्कोहोल किती झालं ते हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीची घनता १.०४८, शेवटची १.०१०, वजाबाकी ०.०३८. तिला १३१.२५ ने गुणा. आले पाच टक्के. सातवीच्या गणिताचा असा उपयोग कुणी वर्गात सांगितला नव्हता.

आणि यीस्टची ही कर्तबगारी माणसाला कळली फार उशिरा. बियरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी सोडून काही घालायचं नाही, असा दंडक बव्हेरियात १५१६ साली निघाला. त्यात यीस्टचं नावच नाही! लुई पाश्चरने पुढे त्या जिवाला त्याचं श्रेय मिळवून दिलं आणि १८७६ मध्ये बियरवर आख्खं पुस्तक लिहिलं.

चाळिशीत खूश राहणारं यीस्ट

किटमधल्या यीस्टला १८ ते २२ अंश तापमान लागतं. लागर प्रकारच्या बियरच्या यीस्टला तर ८ ते १२. मे महिन्यात आपल्याकडे पंखासुद्धा गरम वारा फेकतो; अशा उकाड्यात बिचारं यीस्ट घाईघाईने काम उरकतं आणि बियरला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो.

मराठवाड्याला साजेसं यीस्ट निघालं कुठे, तर नॉर्वेच्या बर्फात. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं ‘क्वाइक’ ३५ ते ४० अंशांतही मजेत काम करतं आणि दोन-तीन दिवसांत मोकळं होतं. लाकडी कड्यांवर वाळवून ते पुढच्या खेपेसाठी जपून ठेवत. काही गावांत तर यीस्ट घालताना जोरात आरोळी ठोकायची रीत होती. आरोळी जितकी दणदणीत, बियर तितकी कडक, असा समज.

जाता जाता तेरला

आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-ग्रंथात त्याचा पत्ता दिला आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तेरहून गाड्या भरभरून कापड भडोचला जायचं. आणि त्याच बंदरात जहाजातून काय उतरायचं? इतर मालाबरोबर वाइन. इटलीच्या वाइनला जास्त मागणी, असं तो गृहस्थ आवर्जून नोंदवतो. आपल्या कापडाच्या गाड्या रिकाम्या परतल्या असतील यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची दुसरी थेट इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. येणं-जाणं होतं, हे नक्की.

यीस्ट आजही जिल्ह्याला कामाला येतं, मोठ्या प्रमाणावर. उसाच्या मळीपासून इथेनॉल करतं ते यीस्टच. मे २०२१ च्या आसपास, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळीकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन तयार केला. इथेनॉलमधलं पाणी शोषणारी चाळणी असते, तिच्याच धर्तीची दुसरी हवेतला नायट्रोजन धरून ठेवते.

पाण्याचं मात्र सोंग आणता येत नाही. एक लिटर बियरमागे कारखान्यात धुणं-पुसणं धरून चार-पाच लिटर पाणी सहज जातं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी येत होतं, त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बियर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितलं, पुढे ६० टक्क्यांपर्यंत. त्या उन्हाळ्यात औरंगाबादची बियर आणि लातूरचा हंडा एकाच बातमीत आले.

एक सांगायचं राहिलं. बियरला कडवटपणा देणारा हॉप्सचा वेल वनस्पतिशास्त्रात गांजाच्या कुळातला. नशा त्यात नाही, पण चुकून कुणा अधिकाऱ्याला ही वंशावळ ऐकवू नका.

आणि माल्टचा उरलेला चोथा? साखर निघून गेली तरी त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर राहतात. जगभरच्या ब्रुअरी तो गोठ्यांना विकतात. पुण्या-मुंबईच्या ब्रुअरींच्या चोथ्यावर म्हशी पोसल्या जातात; इकडची काळीभोर उस्मानाबादी शेळीही तो सोडेल असं वाटत नाही. ओला चोथा दोन दिवसांत आंबतो, म्हणून लगेच घालायचा किंवा उन्हात वाळवायचा. उन्हाची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती.