तिकीट एकच असावं

नांदेड-लातूरहून फ्रँकफर्टला निघालेल्या माणसाचा खरा धोका मुंबई किंवा हैदराबादेत असतो. लातूरला नियमित विमानसेवा नाही. त्यामुळे पहिला टप्पा बहुधा रेल्वेचा किंवा ट्रॅव्हल्सचा. नांदेडहून मुंबईला जाणारी तपोवन एक्स्प्रेस रखडली आणि विमान चुकलं, तर विमान कंपनी जबाबदार नाही. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली, तरी साधारण तेच. एकाच पीएनआरवर मात्र पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं, तर मुक्कामी पोचवणं कंपनीचं काम ठरतं. असं तिकीट महाग पडतं, हा आक्षेप खरा आहे. पण ऐनवेळी काढलेलं नवं तिकीट त्याहून कितीतरी महाग, आणि घरच्यांनी कर्ज काढून परदेशी धाडलेल्या विद्यार्थ्याला ते पेलणारं नसतं.

भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांत उशिरासाठी जेवण आहे, 6 तासांहून अधिक उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा परतावा आहे. रोख भरपाई नाही. युरोपातून परतताना मात्र 3 तासांहून अधिक उशिराला 600 युरोपर्यंत मिळू शकतात, कंपनी भारतीय असली तरी. वादळासारखं कारण असेल तर नाही. भारताने 2009 मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार उशिरामुळे झालेल्या नुकसानीचा दावा 2 वर्षांत करता येतो. त्यासाठी बोर्डिंग पास, पावत्या आणि उशिराचं लेखी कारण जपून ठेवावं. काउंटरवरचं तोंडी आश्वासन ग्राहक आयोगात सिद्ध करणं अवघड जातं.