दातांची तार आणि मुलांची जबाबदारी

सोनईत मुळा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की मुलांच्या हाती उसाचे कांडे येणारच. पण ज्यांच्या दातांना तार बसवली आहे, त्यांनी ऊस दाताने सोलला तर दातावर चिकटवलेली टिकली निखळते. मग डॉक्टरांकडे जादा खेप, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि लांबलेले उपचार!

आपले कष्टकरी आई-बाप पोटाला चिमटा घेऊन मुलांचे वेडेवाकडे दात सरळ करून घेतात. लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ही सोय आहे. उपचार साधारण दीड-दोन वर्षे चालतात. डॉक्टर तपासतात महिन्यातून एकदा. बाकीचे २९ दिवस तोंड मुलाच्याच ताब्यात. आई पहाटेच कामाला जाते. ती किती वेळा सांगणार? म्हणून आम्ही म्हणतो, ही जबाबदारी मुलामुलींनी स्वतः घ्यावी.

तारेभोवती अन्नकण अडकतात, जंतू वाढतात, आम्ल तयार होते. अवघ्या चार आठवड्यांतही दातांवर पांढरे डाग पडू शकतात. तार निघते, डाग राहतात.

मुलांनो, मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घ्या. आधी तारेच्या वर, मग तारेखाली, शेवटी टिकल्यांवर, अशी सकाळी व झोपताना दोन-दोन मिनिटे घासा. जेवणानंतर चूळ भरा. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे सोडू नका. बहुधा स्वच्छता कमी पडल्याची ती खूण असते. आठवडाभरात थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा. पेरूच्या बारीक फोडी करा, कणसाचे दाणे काढून खा, चिक्की टाळा. तार टोचली तर डॉक्टरांनी दिलेले मेण लावा.

मिश्रीला तर हातही लावू नका. ती तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, तरी घरोघरी मिश्री भाजली जातेच. मोठ्यांनीही ती सोडावी.

पालकांनो, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे मुलालाच देऊ द्या. पुढची तारीखही त्यानेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. कारण तार निघाल्यावर रिटेनर नेमाने लावावा लागतो, नाहीतर दात पुन्हा सरकतात. तेव्हा दरमहा विचारणारे डॉक्टर नसतील. अंगी लागलेली सवयच कामी येईल.