कोणत्या मीटिंगला बसायचं?

एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा बाहेरून पाहिल्या तर सगळ्या सारख्याच. पालिकेच्या शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, भिंतीवर बारा पायऱ्यांचा बॅनर, ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक’, तास-दीड तास शेअरिंग, मधेच फिरणारी पैशाची पिशवी. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मग त्यात निवडायचं काय? दाजींबरोबर मुंबईच्या उपनगरांतून हिंडल्यावर माझं मत झालंय की निवडायला बरंच असतं, आणि त्यातलं निम्मं मीटिंग संपल्यावरच कळतं.

दाजी नुकतेच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले होते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतात. ते निस्तरणं डॉक्टरांचं काम, ग्रुपचं नव्हे. ग्रुप लागतो त्यानंतर, रोजच्या संध्याकाळींसाठी.

पहिला ग्रुप इंग्रजी. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, मधे कुणी कुणाला तोडत नाही. मीटिंग ‘ओपन’ होती म्हणून मलाही बसता आलं. ‘क्लोज्ड’ला घरच्यांना प्रवेश नसतो. मला तो ग्रुप फार आवडला. बाहेर पडल्यावर दाजी म्हणाले, “चांगलं आहे रे. पण इथं मी बोललो तर प्रेझेंटेशन दिल्यासारखं होईल.” विषय संपला.

दुसरा मराठी, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण दारातच शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ भेटले. खरं तर तेही त्याच कामाला आलेले, आणि तिथलं तिथंच ठेवायचं हा दंडक. तरी ही गोष्ट सोसायटीत फिरणार नाही, यावर दाजींचा विश्वास बसेना. बाईमाणसाला तर हे आणखी जड. पुरुषांनी भरलेल्या वर्गात ती काय काय बोलू शकेल? बायकांच्या वेगळ्या मीटिंगा, आणि कोविडच्या काळात वाढलेल्या ऑनलाइन मीटिंगा तिथे खऱ्या कामाला येतात.

एएचा जन्मही अशाच शोधाशोधीतून झाला. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी अक्रन शहरात गेला होता. सौदा फिसकटला होता, हॉटेलच्या लॉबीला लागून बार होता, आणि त्याला दारू सोडून जेमतेम काही महिने झाले होते. तो टेलिफोनकडे वळला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवून, आपल्यासारखाच कुणी पिणारा इथे भेटेल का, अशी चौकशी करू लागला. त्यातून गाठ पडली सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, 10 जून 1935, एएचा स्थापनादिन मानतात.

दाजींची प्यायची वेळ ठरलेली. लोकलमधून उतरल्यावर, घरी पोचायच्या आधी. रविवारी सकाळी दहाची मीटिंग कितीही सुंदर असली तरी सोमवारच्या साडेसातला ती कुठून पुरणार? म्हणून आम्ही स्टेशन आणि घर यांच्या मधला, कामाच्या दिवशी भरणारा ग्रुप शोधायला लागलो.

सापडला तो अघळपघळ होता. सेक्रेटरी लोकलमध्ये अडकलेले, त्यामुळे सुरुवात उशिरा. बॅनर फळ्यावर लटकला, खाली कुणाचे तरी पाढे तसेच. पोटं सुटलेली माणसं चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. कोण काय बोललं ते इथे लिहिणं बरोबर नाही. बोलणं मात्र बहुतेकांचं एकाच ठिकाणी येत होतं, की आजच्या दिवसापुरती नाही प्यायची. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो आणि तो आजन्मही मिळतो. न प्यायची मुदत एका दिवसाची का, हे मला त्या बाकावर बसल्यावर जरा समजलं.

संपल्यावर कुणी घरी जाईना. सगळी मंडळी टपरीवर. मी ज्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ग्रुपकडे मागत होतो तो विचारला, “गटारीला काय करता?”

“त्या दिवशी मीटिंग लांबवतो. एकतीस डिसेंबरलाही.”

एका जुन्या मेंबरांनी दाजींना विचारलं, “कितीची लोकल तुमची?” आणि नंबर लिहून दिला. “प्यायच्या आधी फोन करा. नंतर केलात तरी उचलीन, पण मग ऐकणार कोण?” दाजी हसले. केंद्रातून आल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला विचाराल तर पहिलाच ग्रुप सरस. दाजी मात्र या उशिरा सुरू होणाऱ्या ग्रुपलाच बसतात, आणि त्या मेंबरांबरोबर एकाच डब्यातून येतात.

आता ताईचं चाललंय. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे; 1951 मध्ये बिलची बायको लुइस आणि तिच्या एका मैत्रिणीनं ते सुरू केलं. ताईची अट एवढीच, की मीटिंग दुपारची हवी. संध्याकाळी मुलांचे क्लास असतात, आणि दाजी आता वेळेवर जेवायला येतात.